उत्तरेकडचे हात

मंजिरीच्या हातांना ओल्या लोकरीचा वास येतो. मेंढीच्या अंगचा, तेलकट, किंचित उग्र, भिजलेल्या घोंगडीच्या जवळ जाणारा. आणि त्याच्या खाली मातीचा, थंड, रिकाम्या रांजणात तोंड घातल्यावर येतो तसा. फेरीबोट धक्क्याला लागते, वारा टोपी पळवायच्या बेतात असतो, आणि गर्दी नसलेल्या त्या धक्क्यावर ती पुढे येऊन दोन्ही तळहात माझ्या गालांवर ठेवते. स्कॉटलंडच्याही वर, शेटलंडमधल्या अगदी उत्तरेच्या या बेटावर मी दर उन्हाळ्यात जात आलो, आणि दर उन्हाळ्यात मला आधी तो वास भेटला, मग माझी बायको.

आमचं बिनसलेलं नाही, हे लोकांना सांगावं लागतं म्हणून आधीच सांगून टाकतो. मी लंडनजवळ स्लाऊला राहायचो, ती तिकडे. मंडळाच्या गणपतीत प्रसादाबरोबर प्रश्नही वाढले जायचे, “वहिनी यंदाही नाहीत वाटतं?” मी “तिचं काम असतं हो” म्हणायचो आणि अख्खा मोदक तोंडात कोंबायचो, म्हणजे पुढचं उत्तर द्यावं लागत नसे. काम म्हणजे काय, तर ती माती थापते आणि लोकर कातते. एके काळी क्रॉयडनच्या विमा कंपनीत आकड्यांशी झुंजणारी बाई जगाच्या टोकाला जाऊन कुंभारीण झाली, हे ऐकून लोक कौतुकाने मान डोलवत आणि नजरेने माझ्याकडे दया पाठवत. त्या दयेचा मला मनस्वी राग यायचा.

तिच्या हातांना स्वस्थता ठाऊकच नाही. क्रॉयडनच्या दिवसांत ती ट्रेनमध्ये बसल्या बसल्या मफलरची झालर उसवायची. घरी कणीक मळायला घेतली की मळतच राहायची, पोळ्यांची वेळ टळून गेली तरी परातीतला तो गोळा तिच्या तळहाताखाली फिरत असायचा. मी म्हणायचो, “अगं, झाली ना मऊ, आता लाट.” ती दचकून वर बघायची, कुठून तरी लांबून परत आल्यासारखी. मग कौन्सिलच्या संध्याकाळच्या वर्गात तिने पहिल्यांदा चाकावर माती ठेवली. त्या दिवशी घरी आली ती कोपरापर्यंत राखाडी होऊन, आणि जेवण झाल्यावर तिचे दोन्ही हात मांडीवर शांत पडून होते. मला वाटलं, बरं झालं, बाईला छंद सापडला. छंद माणसाला सापडतो की छंदाला माणूस, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. एका कार्यशाळेसाठी म्हणून ती या बेटावर आली, पुढच्या वर्षी एक उन्हाळा राहिली, मग एक हिवाळा, आणि मग ती परत येण्याच्या तारखा सांगायची बंद झाली.

बेटावर झाड नाही. मैलोन् मैल पसरलेलं गवत, त्याच्यावरून अखंड वाहणारा वारा, आणि समुद्र, जो इथे दृश्य म्हणून नाही तर शेजारी म्हणून राहतो, आणि तोही भांडकुदळ. उन्हाळ्यात उजेड मावळायचं नावच घेत नाही. जेवणं होतात, भांडी विसळून होतात, तरी खिडकीत तो फिकट, ताकाच्या निवळीसारखा उजेड रेंगाळत असतो, आणि पाणलावे आकाशातून खाली झेपावताना शेपटीच्या पिसांतून बकरीसारखा बें बें आवाज काढतात. त्या उजेडात मंजिरी समुद्रकाठी वाहून आलेलं शेवाळ गोळा करते, वाळवते, जाळते, आणि त्याची राख झिलईत मिसळते. म्हणून तिच्या भांड्यांवर तो विशिष्ट रंग उतरतो, निळा म्हणावा तर हिरवट आणि हिरवा म्हणावा तर करडा. गंमत अशी की माती मात्र इथली नाही. चाकावर चढेल अशी माती या खडकाळ बेटावर मिळत नाही. ती पोत्यांतून, बोटीने, दक्षिणेकडून येते. “माझ्यासारखीच,” ती म्हणते आणि हसते.

हिवाळ्यात सगळं उलट. दिवस उगवतो तो जणू उपचार म्हणून, आणि जरा पाठ फिरवावी तर गेलेला असतो. तेव्हा ती कातते. दिवा न लावता, खिडकीशी चरखा घेऊन, पावलाने चाक फिरवत. तिच्या अंगठ्याला आणि तर्जनीला दिसतं, डोळ्यांची गरज पडत नाही. मी स्लाऊहून फोन करायचो तेव्हा ती फोन झिलईच्या बरणीला टेकवून ठेवायची आणि काम करत राहायची. मला तिचा चेहरा दिसायचा नाही. छत दिसायचं, छतावरचा ओलीचा डाग दिसायचा, आणि चाकाची घरघर ऐकू यायची. मी माझ्या दिवसाचं गाऱ्हाणं त्या छताला सांगायचो. अधूनमधून ती “हं” म्हणायची, आणि त्या “हं”वरून मला कळायचं की सूत बारीक निघतंय की तुटतंय.

तिची एक फजिती बेटावर अजून सांगितली जाते. पहिल्या वर्षी शेजारच्या आयलीनने, म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या, मेंढ्या पाळणाऱ्या, दारासारख्या रुंद बाईने, तिला एका मेंढीची अख्खी लोकर भेट दिली. मंजिरीचं माहेर फलटणचं. नवरात्राच्या आधी घरातलं यच्चयावत पांघरूण काढायचं, कढत पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवायचं, पदर खोचून उभं राहून पायांनी तुडवायचं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. तिने लोकरीलाही तोच न्याय लावला. कढत पाणी, साबण, आणि दोन्ही पायांनी यथेच्छ तुडवणूक. बाहेर आला तो एक जाड, घट्ट, न उलगडणारा लगदा. त्यातून सुताचा एक धागा निघेल तर शपथ. आयलीन पाहायला आली आणि हसता हसता तिला दगडी कुंपणावर बसावं लागलं. “पोरी, लोकरीला आंघोळ घालायची असते, शिक्षा नाही करायची!”

मंजिरी मात्र तो लगदा हातात धरून उभी राहिली. हाताला ओळखीचा लागत होता म्हणे. हे तर घोंगडंच झालं! मग मला फोन आला, चिंचोके पाठव. माहेरी घोंगड्यांना चिंचोक्याची खळ देताना तिने लहानपणी पाहिलं होतं, त्याने पाणी निथळून जातं. स्लाऊच्या दुकानातून बिया असलेली चिंच आणून मी एक रविवार स्वयंपाकघरात चिंचोके सोलत बसलो, आणि जन्मात पहिल्यांदा पोस्टातल्या बाईला पाकिटात काय आहे ते समजावू शकलो नाही. आता बेटावरचे मासेमार होडीत बसायला तिच्याकडून ती आसनं मागून नेतात. चुकीतून धंदा काढावा तर आमच्या फलटणकरांनी.

एक हिवाळा मी बिनपगारी रजा काढून तिथे राहूनही पाहिला. तिच्या शेडचं छप्पर दुरुस्त केलं, बिजागऱ्यांना तेल घातलं, फळ्या ठोकल्या. मग करण्यासारखं काही उरलं नाही आणि वारा उरला. तो वारा घरात शिरत नाही, डोक्यात शिरतो. मी आयुष्यभर लोकांना “कधी होईल?” एवढंच विचारून पगार घेतलेला माणूस. त्या बेटावर कशालाच “कधी” नव्हतं. वसंत यायच्या आत मी पळालो, आणि मंजिरीने एका शब्दाने अडवलं नाही.

या उन्हाळ्यात गेलो तो मात्र एक प्रश्न घेऊन. सप्टेंबरात माझी नोकरी संपत होती. पुण्यात कोथरूडला आमचा फ्लॅट कधीचा तयार होता. काम संपलं की दोघांनी परत जायचं, हे लग्न झालं तेव्हापासून ठरलेलं, इतकं ठरलेलं की त्याविषयी आम्ही कधी बोललोही नव्हतो. ती येणार की नाही, एवढंच मला हवं होतं. हो की नाही. प्रश्न सोपा होता.

पोचलो त्याच दिवशी तिने भट्टी लावलेली. विजेची, कपाटाएवढी भट्टी, शेडच्या कोपऱ्यात गुरगुरत बसलेली.

“मंजू, एक बोलायचं होतं.”

“आत्ता नको रे. टेंपरेचर बघू दे.”

“अगं, दोन मिनिटं.”

“तुझी दोन मिनिटं माहितीयेत मला. फुल मीटिंग होते त्याची.”

भट्टी तापत असताना ती कुणाशी धड बोलत नाही. ये-जा करते, तारेच्या तुकड्याशी चाळा करते, वाऱ्याचा जोर वाढला की वीज जाईल म्हणून दिव्याकडे बघते. तापून झाल्यावर आणखी कठीण काळ, कारण मग काहीच करायचं नसतं. भांडी आत आपापली निवत असतात, आणि उतावळेपणाने दार उघडलं तर थंड हवा लागून ती तडकतात. मी हँडलपाशी नुसता उभा राहिलो तरी ती ओरडली, “श्री, लांब हो! उद्यापर्यंत हात लावायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आयलीनच्या मेंढ्यांकडे गेलो. तिथल्या या जुन्या जातीच्या मेंढ्यांची लोकर कातरत नाहीत. उन्हाळा चढला की जुनी लोकर अंगापासून आपोआप सुटायला लागते, आणि मग माणसं ती नुसत्या हातांनी, झोपलेल्या बाळाच्या अंगावरून दुलई काढावी तशी उतरवून घेतात. मंजिरी गुडघ्यांवर बसली होती. मेंढीच्या मानेपाशी बोटं घालून ती हलकेच मागे सरकत होती, आणि तपकिरी लोकर एकसंध सुटून तिच्या मांडीवर जमत होती. मेंढी डोळे अर्धे मिटून उभी. सुरय पक्षी डोक्यावर किंचाळत होते आणि खाली या दोघींमध्ये कमालीची शांतता.

मलाही एक मेंढी दिली होती. मी धरली आणि ओढली. तिने असा हिसडा दिला की मी गवतात बसलो.

“ओढू नकोस ना! तिची रेडी नाहीये अजून,” मंजिरी म्हणाली.

“तिची सुटायची असेल तेव्हा ती तुला विचारणार नाही,” आयलीन म्हणाली. “कुंपणाला घासून ठेवून जाईल.”

माझं डोकंच फिरलं. गवतात बसल्या बसल्या मी मराठीत, आयलीनच्या देखत, जे इतके दिवस जमवत होतो ते बोलून टाकलं. “सप्टेंबरात मी पुण्याला जातोय. कायमचा. तू येतेयस ना?”

तिचे हात थांबले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते हात काम अर्धं टाकून थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मेंढीनेही मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“भट्टी उघडल्यावर सांगते,” ती म्हणाली आणि पुन्हा बोटं लोकरीत घातली.

दुपारी मी नॉटिंगहॅमला लेकीला फोन केला. ईरा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, तिचा जन्म इंग्लंडातलाच. तिचं मराठी लिंग-वचन चुकत चुकत नेमकं मर्मावर येतं. “बाबा, आई तिकडे हॅपी आहे. मग तुला काय प्रॉब्लेम होते?”

“मला प्रॉब्लेम नाही. मला तुझी आई पाहिजे.”

“मग तिला असा सांग ना! तू नेहमी फक्त प्लॅन सांगतो.”

मी फोन ठेवला. पोरगी बरोबर बोलत होती, आणि तिचं बरोबर असणं मला मुळीच आवडलं नाही.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळात संध्याकाळ आणि बाहेर लख्ख ऊन असताना, मंजिरीने भट्टीच्या दारावर उलटा पंजा ठेवून पाहिला. आता उघडायला हरकत नव्हती. मी म्हणालो, “थांब. पुणं जाऊ दे, फ्लॅट जाऊ दे. मला तू हवी आहेस, मंजू. रोज. समोर.” तिने कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं. लोकरीचा आणि राखेचा तो वास. मला वाटलं, झालं, जिंकलो. मग तिने दार उघडलं.

कोमट हवेचा झोत आला आणि त्यामागून तो आवाज. निवत असलेली झिलई बारीक बारीक टिणटिणते, टिंग, टिंग, वेगवेगळ्या सुरांत, कपाटभर भांडी एकमेकांना काही सांगत असल्यागत. तिने वरच्या फळ्यांवरचे चहाचे मग उतरवले, पर्यटकांच्या दुकानासाठीचे. मग वाडगे. मग ती खाली वाकली आणि तळच्या फळीवरून एक ताट काढून माझ्या हातात दिलं.

ताटाला उंच काठ होता. मी वरणभात कालवताना तो काठापर्यंत पळवतो आणि दर वेळी थोडा बाहेर सांडतो. या काठावरून तो बाहेर जाणार नव्हता. मग एक वाटी आली, आमटीची. एक खोलगट, ताकाची, कारण मी ताक दोनदा घेतो. शेवटी चहाचा एक मग. कॉलेजात क्रिकेट खेळताना माझं मधलं बोट मोडलं होतं, ते वाकडं बसलंय; कुठल्याच कपाच्या कानात ते धड जात नाही. या मगाचा कान एका बाजूला मुरडलेला होता. मी बोट घातलं. ते जाऊन बसलं.

मी दुसऱ्या ताटाची वाट पाहत राहिलो. तिने वाकून फळी पुसली. फळी रिकामी होती.

“एकच?” मी विचारलं.

“तुझंच आहे ते.” तिने माझ्याकडे पाहिलं. “मी येत नाही, श्री.”

मला संताप आला. ते ताट तिथल्या तिथे आपटावं असं वाटलं. “मग मी इथे राहतो,” मी म्हणालो.

“त्या हिवाळ्यात तू इथे रोज सकाळी उठून फेरीचं टाइमटेबल बघत होतास. वेड लागेल तुला. आणि तिथे मला लागेल.” ती रडत होती आणि मातीने मळलेल्या मनगटाने नाक पुसत होती. “स्लाऊला मी तुझ्या शेजारी झोपायचे ना, तेव्हा तुझं कुठलं बोट वाकडं आहे ते विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. खरंच. हा कान केला तेव्हा तू इथे नव्हतास. डोळे मिटून केला. एका फटक्यात आला.”

मी ती भांडी एकेक करून खिडकीशी मांडत बसलो. ती माझ्या बाजूला बसली, आणि तो न मावळणारा उजेड आम्हा दोघांवर बराच वेळ पडून राहिला.

निघताना तिने सगळं कच्च्या लोकरीत गुंडाळून दिलं. धक्क्यावर आयलीनही आली होती. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. फेरी निघाली तेव्हा मंजिरी हात हलवत नव्हती. तिची बोटं जॅकेटच्या खिशात काहीतरी चाळवत होती, लांबूनही कळत होतं.

पुण्यात येऊन आता काही महिने झाले. कोथरूडला झाडं इतकी आहेत की खिडकीतून आकाश शोधावं लागतं. संध्याकाळी तिचा फोन येतो, मला छत दिसतं, चाक ऐकू येतं, मी “हं” म्हणतो. शेजारच्या काकू विचारतात, “तुमच्या मिसेस कधी येणार?” आणि माझ्या तोंडात मोदक नसतो. आठवण धूसर होत जाते, काळ तिच्या कडा झिजवतो, असं सगळे सांगतात. माझ्या घरी मात्र ती रोज सकाळी चहाने गरम होते. मी मगाच्या कानात बोट घालतो आणि ते नेमकं बसतं. इतकं नेमकं मला जवळ असताना कुणी धरलं नव्हतं, आणि आता धरणारं कुणी जवळ नाही.